मूळ संहितेतून आज्ञावली घडविताना : हरवलेल्या आधारघटकांचा शोध

प्रश्नाचे स्वरूप

रायपूर ही आज छत्तीसगड राज्याची राजधानी आहे. १ नोव्हेंबर २००० रोजी हे राज्य अस्तित्वात आले, त्यापूर्वी रायपूर मध्य प्रदेशात होते. आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी तर या प्रदेशाची राजधानी नागपूर हीच होती. त्याही पूर्वी, १८५४ पर्यंत, छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत असे. या दीर्घ संबंधामुळे मराठी बोलणारी अनेक कुटुंबे येथे पिढ्यानपिढ्या स्थायिक झाली. ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक १९०० साली सुरू करणारे आणि लोकमान्य टिळकांचा ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ हिंदीत आणणारे माधवराव सप्रे हे याच परंपरेतील होत.

अशा एखाद्या कुटुंबाचे घर रायपुरातील समता कॉलोनीत आहे अशी कल्पना करावी. आजोबांनी जपून ठेवलेली एक लोखंडी पेटी त्या घरात आहे. तीत साठसत्तर वर्षांपूर्वीची मराठी मासिके, व्याख्यानमालांच्या पुस्तिका आणि जुनी चरित्रे आहेत. कागद पिवळा पडला आहे आणि घडीवर तो तुटू लागला आहे. घरातील महाविद्यालयात जाणारी मुलगी प्रत्येक पानाचे छायाचित्र घेऊन ठेवते. येणेप्रमाणे पाने नष्ट होण्यापासून वाचतात हे खरे. परंतु छायाचित्र म्हणजे मजकूर नव्हे. संगणकाच्या दृष्टीने ते केवळ काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचे पटल असते. एखादे नाव कोणत्या पानावर आले आहे हे त्याला विचारता येत नाही, की अंध वाचकाला ते वाचून दाखविता येत नाही. चित्रातील आकृती ओळखून त्यांची अक्षरे करणारी आज्ञावली यासाठी आवश्यक असते.

‘टेसरॅक्ट’ ही अशीच एक आज्ञावली आहे. ह्यूलेट-पॅकार्ड या कंपनीच्या प्रयोगशाळांत १९८५ ते १९९४ या काळात ती विकसित झाली. २००५ साली तिची मूळ संहिता सर्वांसाठी खुली करण्यात आली आणि २००६ पासून पुढील बरीच वर्षे गूगलने तिच्या कार्यास साहाय्य केले. २०१८ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ती कृत्रिम चेताजालाच्या साहाय्याने अक्षरांची संपूर्ण ओळ वाचते, आणि मराठीसाठी स्वतंत्र शिक्षणसामग्री तिला उपलब्ध आहे.

मुलीच्या संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली आहे. परंतु तिच्यासोबत आलेले टेसरॅक्ट जुने आहे. उदाहरणार्थ, ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन ११ या वितरणात टेसरॅक्टची ४.१.१ ही आवृत्ती होती, तर ५.० ही आवृत्ती त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला प्रसिद्ध झाली. स्थिर वितरणे आपल्या पॅकेजांच्या आवृत्त्या गोठवून ठेवतात. त्यामुळे नवे हवे असल्यास मूळ संहिता आणून ती स्वतः घडविणे हा एक मार्ग उरतो. मुलगी तो पत्करते, सूचनेप्रमाणे आज्ञा देते, आणि काही क्षणांत पडद्यावर उत्तर येते की, लेप्टोनिका नावाची एक वस्तू आवश्यक आहे व ती सापडत नाही.

येथेच पुष्कळजण हात टेकतात. वस्तुतः हा अडथळा म्हणजे यंत्राचा हट्ट नसून, यंत्राने दिलेली अत्यंत नेमकी माहिती असते. ती वाचावयाची कशी, हे सांगणे हा या लेखाचा उद्देश आहे.

हस्तलिखित, सूची आणि ब्लॉक

संहितेपासून आज्ञावली कशी घडते हे समजण्यासाठी खिळे जुळविण्याच्या काळातील छापखाना डोळ्यांसमोर आणावा. लेखकाचे हस्तलिखित म्हणजे मूळ संहिता होय. ते मनुष्याला वाचता येते. पण छपाईयंत्राला त्याचा काही उपयोग नाही. जुळारी त्या हस्तलिखितावरून खिळ्यांची पाने जुळवितो. संगणकात हे काम कंपायलर करतो : मनुष्याने लिहिलेल्या संहितेचे तो यंत्राला कळणाऱ्या अंकभाषेत रूपांतर करतो.

आता असे समजा की, हस्तलिखितात ठिकठिकाणी ‘येथे अमुक नकाशा घालावा’ अशी सूचना आहे. तो नकाशा लेखकाने काढलेला नाही आणि जुळाऱ्यालाही काढता येत नाही. शहरातील दुसऱ्या एका कारागिराने त्याचा धातूचा ठसा, ज्याला छापखान्यात ब्लॉक म्हणतात, आधीच तयार करून ठेवला आहे. त्या कारागिराकडे दोन गोष्टी मिळतात. एक, प्रत्यक्ष ब्लॉक. आणि दुसरी, त्याच्याकडील सर्व ब्लॉकांची सूची, जीत प्रत्येकाचा क्रमांक व लांबीरुंदी दिलेली असते. पान जुळविताना जुळाऱ्याला ब्लॉक लागत नाही. त्याला सूची लागते, कारण किती जागा मोकळी सोडावयाची हे तीवरून कळते. ब्लॉक लागतो तो पुढे, पान आवळताना किंवा प्रत्यक्ष छापताना.

आज्ञावल्यांचेही असेच आहे. चित्र उघडणे, ते सरळ करणे, त्यातील डाग काढणे ही कामे टेसरॅक्ट स्वतः करीत नाही. ती कामे ‘लेप्टोनिका’ या दुसऱ्या लायब्ररीकडून करून घेतली जातात. येथे लायब्ररी म्हणजे पुस्तकांचे नव्हे, तर तयार कामांचे भांडार होय. अशा प्रत्येक पूरक वस्तूला संगणकाच्या बोलीत ‘डिपेंडन्सी’ म्हणतात. तिला आपण आधारघटक म्हणू. सूचीच्या जागी ‘हेडर फाइल’ असते, तीत लायब्ररीतील प्रत्येक कामाचे नाव व त्याला काय द्यावयाचे हे लिहिलेले असते. ब्लॉकच्या जागी प्रत्यक्ष लायब्ररीची फाइल असते. एकच आधारघटक अशा रीतीने दोन रूपांत लागतो, हे एकदा ध्यानी आले की निम्म्याहून अधिक अडचणींचा उलगडा आपोआप होतो.

पहिली पायरी : पूर्वतपासणी

शहाणा छापखानाप्रमुख काम हाती घेण्यापूर्वी सर्व साहित्य जागेवर आहे की नाही ते पाहतो. मूळ संहितेसोबत येणारी ‘कॉन्फिगर’ नावाची आज्ञा हेच काम करते. अशी आज्ञा आपोआप निर्माण करणारे ‘ऑटोकॉन्फ’ हे साधन डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ साली आरंभिले. ‘कॉन्फिगर’ संगणकावर एकामागून एक लहान लहान चाचण्या घेते : कंपायलर आहे काय, तो पुरेसा नवा आहे काय, अमुक लायब्ररी आहे काय, तिची आवृत्ती कोणती. टेसरॅक्टच्या पाचव्या आवृत्तीला सी-प्लस-प्लस भाषेचे २०१७ चे प्रमाण समजणारा कंपायलर लागतो. म्हणजे कंपायलर हाही एक आधारघटकच होय, आणि तो जुना असला तरी काम अडते.

या पायरीवर संदेश स्पष्ट असतो. आवश्यक लायब्ररीचे नाव, किमान आवृत्ती, आणि पुष्कळदा कोणते पॅकेज बसवावे तेही त्यात दिलेले असते. संदेश तोकडा वाटल्यास ‘कॉन्फिग.लॉग’ ही फाइल उघडावी. घेतलेल्या प्रत्येक चाचणीची हकीकत तीत नोंदलेली असते.

येथे एका फसव्या प्रकाराचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. संहिता थेट भांडारातून घेतल्यास ‘कॉन्फिगर’ आधी निर्माण करावी लागते, आणि त्यासाठी ऑटोमेक, लिबटूल, पीकेजी-कॉन्फिग यांसारखी साधने लागतात. त्यांच्यापैकी एखाद्याचा संक्षेपसंग्रह उपलब्ध नसला, तर त्यातील संक्षेपांचा विस्तार न होता ते ‘कॉन्फिगर’मध्ये तसेच राहून जातात, आणि ती चालविताच व्याकरणदोषाची तक्रार पडद्यावर येते. नवशिक्याला वाटते की संहितेतच चूक आहे. वस्तुतः चूक नसते. एक पॅकेज कमी असते. ते बसवून ‘कॉन्फिगर’ पुन्हा निर्माण केली म्हणजे दोष नाहीसा होतो.

‘डेव्ह’ या तीन अक्षरांचे महत्त्व

आता मुलीच्या पडद्यावरील प्रश्नाकडे वळू. ती पाहते की लेप्टोनिका तर संगणकावर आहेच! जुने टेसरॅक्ट तिच्याच आधारावर चालत होते. मग सापडत नाही असे यंत्र का म्हणते?

याचे कारण, लिनक्सच्या बहुतेक वितरणांनी ब्लॉक आणि सूची यांची दोन स्वतंत्र पॅकेजे केली आहेत. ज्याला तयार आज्ञावली केवळ वापरावयाची आहे त्याला ब्लॉक पुरतो. सूचीचे ओझे त्याच्या संगणकावर कशाला? म्हणून डेबियन आणि तिच्यापासून निघालेल्या उबुंटूसारख्या वितरणांत लायब्ररीचे एक साधे पॅकेज असते, आणि हेडर फाइली असलेल्या दुसऱ्या पॅकेजाच्या नावाशेवटी रोमन लिपीत डी-ई-व्ही ही तीन अक्षरे जोडलेली असतात. फेडोरा व तिच्या कुळातील वितरणांत त्याच जागी ‘डेव्हेल’ हा प्रत्यय येतो. यावरून व्यवहारातील पहिला नियम निघतो : यंत्र एखादी लायब्ररी नाही असे म्हणत असेल, तर त्या लायब्ररीचे ‘डेव्ह’ पॅकेज बसवावे. मुलीने ‘लिबलेप्टोनिका-डेव्ह’ बसविले की तक्रार थांबते.

एखादी फाइल कोणत्या पॅकेजात आहे हे नावावरून नेहमीच कळत नाही. त्यासाठी डेबियनकुळात ‘एप्ट-फाइल’ आणि फेडोरात ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’ ही शोधसाधने आहेत. हव्या त्या फाइलीचे नाव दिले की ती ज्या पॅकेजात असेल त्याचे नाव ती सांगतात. अंदाजाने दहा पॅकेजे बसवून पाहण्यापेक्षा हा मार्ग निःसंशय श्रेयस्कर होय.

याहून सोपी एक युक्ती आहे. वितरणाच्या पालकांनी जुने टेसरॅक्ट स्वतः घडविले होते. तेव्हा त्याला काय काय लागते याची यादी त्यांनी नोंदून ठेवली आहे. डेबियनकुळात ‘बिल्ड-डेप’ ही आज्ञा ती संपूर्ण यादी एकदम बसविते. त्यासाठी मूळ संहितेची भांडारे वितरणाच्या सूचीत चालू केलेली असावी लागतात. नव्या आवृत्तीला क्वचित एखादा घटक अधिक लागेल, परंतु बहुतेक काम एका आज्ञेत उरकते.

पुढील तीन पायऱ्या

पूर्वतपासणी निर्विघ्न पार पडली तरी उणीव पुढे तीन ठिकाणी प्रकट होऊ शकते, आणि प्रत्येक ठिकाणी तिची भाषा निराळी असते.

जुळणीच्या वेळी, म्हणजे ‘मेक’ ही आज्ञा कंपायलरला कामाला लावते तेव्हा, हेडर फाइल सापडली नाही तर ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असा संदेश येतो आणि त्यात त्या हेडरचे नाव असते. (‘मेक’ हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल प्रयोगशाळेत निर्मिले, कोणते काम कोणत्या कामानंतर करावयाचे हा क्रम ते राखते.) सूची मिळाली नाही, म्हणून जुळारी थांबला, असा या संदेशाचा अर्थ. उपाय वरीलप्रमाणेच : त्या हेडरचे पॅकेज शोधावे.

पान आवळण्याच्या वेळी, म्हणजे लिंकर सर्व तुकडे एकत्र जोडतो तेव्हा, निराळी तक्रार येते. ‘कॅनॉट फाइंड’ असे म्हणून लायब्ररीचे नाव येते, किंवा ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ असे म्हणून एखाद्या कामाचे नाव येते. पहिलीचा अर्थ ब्लॉकच सापडला नाही. दुसरीचा अर्थ अधिक सूक्ष्म आहे : सूचीत ज्याचे नाव होते ते काम मिळालेल्या ब्लॉकांपैकी एकातही नाही. पुष्कळदा याचे कारण असे की सूची एका आवृत्तीची आणि ब्लॉक दुसऱ्या आवृत्तीचा असतो.

छपाईच्या वेळी, म्हणजे आज्ञावली घडून तयार झाल्यावर ती प्रथम चालविताना, तिसरी तक्रार येऊ शकते. लिनक्सवरील बहुतेक लायब्रऱ्या आज्ञावलीत कायमच्या जडविलेल्या नसतात. आज्ञावली सुरू होतानाच त्या आणून जोडल्या जातात. एकच ब्लॉक अनेक पुस्तकांना पुरावा अशी ही काटकसर आहे. आणणाऱ्याला तो जागेवर सापडला नाही तर ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ असा संदेश येतो. मूळ संहितेतून घडविलेल्या लायब्रऱ्या सामान्यतः ‘यूएसआर-लोकल’ या निराळ्या कप्प्यात बसतात, आणि त्या बसल्याची वर्दी व्यवस्थेला द्यावी लागते. ‘एलडीकॉन्फिग’ ही आज्ञा ती वर्दी देते. कोणती लायब्ररी सापडली व कोणती नाही हे ‘एलडीडी’ ही आज्ञा ओळीने सांगते. जिच्यापुढे ‘नॉट फाउंड’ असे आढळेल तीच हरवलेली.

एकाच वस्तूच्या दोन प्रती

वितरणातील लेप्टोनिका पुरेशी नवी नसेल, तर तीही मूळ संहितेतून घडवावी लागते. मग संगणकावर तिच्या दोन प्रती होतात : एक वितरणाची, एक स्वतः बसविलेली. ‘कॉन्फिगर’ कोणती पाहील?

याचा निवाडा बहुधा ‘पीकेजी-कॉन्फिग’ हे साधन करते. प्रत्येक लायब्ररी आपल्या ‘डेव्ह’ भागासोबत एक लहानशी चिठ्ठी ठेवते. आपली आवृत्ती कोणती, हेडर कोठे आहेत, ब्लॉक कोठे आहे आणि आपल्याला स्वतःला आणखी कोण लागते, हे त्या चिठ्ठीत असते. लेप्टोनिकाच्या चिठ्ठीचे नाव ‘लेप्ट’ असे आहे. ही चिठ्ठी नेहमीच्या जागी नसेल, तर ‘पीकेजी-कॉन्फिग-पाथ’ या चलात तिचा कप्पा लिहून द्यावा लागतो. ‘लेप्ट’ची आवृत्ती विचारून पाहिली म्हणजे दोहोंपैकी कोणती प्रत दृष्टीस पडत आहे हे तत्काळ कळते. यंत्र नवी लायब्ररी बसविल्यावरही जुन्या आवृत्तीचीच तक्रार करीत राहिले, तर लायब्ररीवर संशय न घेता प्रथम या चिठ्ठीची चौकशी करावी.

मुकाट्याने राहिलेली उणीव

आतापर्यंतच्या सर्व उणिवा बोलक्या होत्या. काही उणिवा मात्र मुक्या असतात, आणि त्याच अधिक घातक होत.

आधारघटक दोन प्रकारचे असतात : अनिवार्य आणि ऐच्छिक. ऐच्छिक घटक नसला तर ‘कॉन्फिगर’ थांबत नाही. ती क्षणभर एक ओळ दाखवून पुढे जाते, आणि शेकडो ओळींच्या प्रवाहात ती ओळ वाहून जाते. पीएनजी, जेपीईजी व टिफ या प्रकारची चित्रे वाचण्यासाठी लेप्टोनिका आणखी तीन लायब्रऱ्यांचे साहाय्य घेते. त्यांची ‘डेव्ह’ पॅकेजे नसताना लेप्टोनिका घडविली, तर ती तक्रार न करता घडते. पुढे तिच्यावर टेसरॅक्टही घडते. मग मुलगी पेटीतील पहिल्या पानाचे छायाचित्र देते, आणि ‘फंक्शन नॉट प्रेझेंट’ असे उत्तर येते. डोळे आहेत, पण दृष्टी नाही, अशी अवस्था! उपाय एकच : ती तीन पॅकेजे बसवून लेप्टोनिका पुन्हा घडविणे. नंतर टेसरॅक्टला त्याची आवृत्ती विचारली असता कोणकोणत्या चित्रलायब्रऱ्या जोडल्या गेल्या आहेत तेही ते सांगते. काम सुरू करण्यापूर्वी एवढी खात्री करून घेणे हिताचे.

दुसरे उदाहरण देवनागरीशी निगडित आहे. जुन्या खिळ्यांची वळणे आजच्या अक्षरांहून निराळी असतात; ती वाचण्यासाठी टेसरॅक्टला नव्याने शिक्षण देण्याची इच्छा कोणास होऊ शकेल. शिक्षणाची साधने घडविण्यास आयसीयू, पँगो व कैरो या लायब्रऱ्या लागतात. त्या नसल्यास टेसरॅक्ट घडते, परंतु शिक्षणाची साधने गाळली जातात. पँगोची येथे आवश्यकता का, हे पाहण्यासारखे आहे. ‘कि’ या अक्षरात संगणक प्रथम ‘क’ व नंतर ऱ्हस्व इकार साठवितो. परंतु कागदावर इकार आधी उमटतो. ‘र्‍या’, ‘क्ष’, ‘त्र’ यांच्या आकृती तर घटक वर्णांवरून ओळखूही येत नाहीत. उच्चाराच्या क्रमाने साठविलेल्या वर्णांचे लेखनाच्या क्रमाने मांडलेल्या आकृतींत रूपांतर करणे हे पँगो, हार्फबझ या लायब्ररीच्या साहाय्याने, करते. रोमन लिपीचे ज्याशिवाय बरेचसे भागते, ते देवनागरीचे भागत नाही. म्हणून इंग्रजी वापरणाऱ्याला जो घटक ऐच्छिक वाटतो तो मराठी वापरणाऱ्याला अनेकदा अनिवार्यच असतो, हे ध्यानात ठेवावे.

तिसरी मुकी उणीव म्हणजे सामग्रीची. टेसरॅक्ट घडले, बसले. तथापि मराठी वाचण्यास सांगितले असता ‘मार’ या नावाची भाषासामग्री उघडता आली नाही असे ते म्हणते. संहिता बसविताना भाषांच्या फाइली तिच्यासोबत येत नाहीत; त्या निराळ्या आणून ठराविक कप्प्यात ठेवाव्या लागतात, किंवा तो कप्पा ‘टेसडेटा-प्रीफिक्स’ या चलात सांगावा लागतो. मराठीच्या जागी हिंदीची सामग्री चालेल असे समजू नये. लिपी एक असली तरी शब्द आणि वर्णांची वारंवारता निराळी आहे. ‘ळ’ हे अक्षर मराठीत पदोपदी येते, हिंदीत ते क्वचितच आढळते.

साखळी आणि तिचा गुंता

प्रत्येक आधारघटकाला स्वतःचे आधारघटक असतात, त्यांना आणखी दुसरे असतात. टेसरॅक्टला लेप्टोनिका, लेप्टोनिकाला पीएनजीची लायब्ररी, आणि तिला संकोचनाची झेड-लिब. हाताने घडवावयाचे असल्यास साखळीच्या टोकापासून आरंभ करावा : जिला कोणाचीच गरज नाही ती प्रथम, आणि आपणास हवी असलेली शेवटी. भिंत बांधण्यापूर्वी पाया घालावा, इतके हे साधे तत्त्व आहे.

परंतु आवृत्त्यांच्या अटी आल्या की प्रश्न साधा राहत नाही. एकाला अमुक लायब्ररी नवी हवी, दुसऱ्याला तीच जुनी हवी, तिसरे दोघांपैकी कोणाबरोबरही नांदत नाही. एडॉस या युरोपीय प्रकल्पातील संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले की, अशा सर्व अटी पाळून एखादे पॅकेज बसविता येईल की नाही हे ठरविणे गणिती दृष्टीने ‘एनपी-पूर्ण’ वर्गातील प्रश्न आहे. म्हणजे, सर्व उदाहरणांत तो झटपट सोडविणारी कोणतीही पद्धत आजवर ज्ञात नाही. व्यवहारातील उदाहरणे सुदैवाने इतकी बिकट नसतात आणि एप्ट, डीएनएफ यांसारखी साधने ती सहसा लीलया सोडवितात. तथापि जे ओझे ही साधने निमूटपणे वाहतात ते हाताने वाहण्याचा अट्टाहास का धरू नये, हे यावरून कळून येईल.

काही पथ्ये

पहिले पथ्य : पडद्यावरील शेवटची ओळ न वाचता पहिली चूक वाचावी. एका उणिवेतून शंभर तक्रारी उद्भवतात. मूळ एकच असते. रुग्णाच्या दहा तक्रारींमागील एक विकार वैद्य शोधतो, तसेच हे आहे.

दुसरे : जे वितरणात मिळते ते वितरणातूनच घ्यावे. ज्याची नवी आवृत्ती खरोखर हवी तेवढेच स्वतः घडवावे, आणि ते ‘यूएसआर-लोकल’मध्ये किंवा स्वतःच्या गृहकप्प्यात बसवावे. वितरणाच्या कप्प्यातील फाइलींवर आपल्या फाइली घातल्यास पुढील अद्ययावतीकरणात दोहोंचा गोंधळ होतो.

तिसरे : नवा घटक बसविल्यावर ‘कॉन्फिगर’ पुन्हा चालवावी. तिचे पहिले निष्कर्ष जुन्या स्थितीचे असतात. ती आपणहून दुसऱ्यांदा पाहत नाही.

चौथे : हरवलेल्या लायब्ररीच्या नावाने अन्य नावाची फाइल खपवू नये. लायब्ररीच्या नावातील आवृत्तिक्रमांक हा तिच्या आश्वासनाचा क्रमांक असतो. तो बदलला म्हणजे आतील कामांचे स्वरूप बदलले आहे. नाव जुळवून यंत्राची समजूत पटेल, परंतु काम मध्येच कोसळेल, किंवा न कोसळता चुकीचे होईल. आणि दुसरा परिणाम पहिल्याहून वाईट.

पाचवे : हरवलेली फाइल कोठूनही उचलून आणू नये. या संदर्भात २०२४ सालची एक घटना बोधप्रद आहे. एक्सझेड या संकोचनाच्या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत कोणी गुप्त चोरवाट ठेवली होती. ती उघड संहितेत पूर्णतः दिसत नव्हती. तिला जागे करणारा भाग प्रसिद्ध केलेल्या गाठोड्यातील, ‘कॉन्फिगर’ निर्माण करणाऱ्या एका फाइलीत दडविलेला होता. काही वितरणांत दूरस्थ प्रवेशाची आज्ञावली सिस्टिमडीच्या लायब्ररीमार्फत या एक्सझेडच्या लायब्ररीपर्यंत पोहोचत असे. त्यामुळे, जिचा आपल्याशी प्रत्यक्ष संबंध नाही अशा आधाराच्या आधारातून संगणकाचे दार उघडण्याचा धोका निर्माण झाला. आंद्रेस फ्रॉइंड या तंत्रज्ञाला प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे आढळले, त्याने त्याचा पिच्छा पुरविला आणि २९ मार्च २०२४ रोजी ही गोष्ट उजेडात आणली. चोरवाट असलेल्या आवृत्त्या तोवर मुख्यतः वितरणांच्या चाचणीशाखांतच पोहोचल्या होत्या. आधारघटक म्हणजे केवळ सोय नव्हे, तो विश्वास आहे. म्हणून तो कोणावर ठेवतो हे पाहिले पाहिजे.

सहावे आणि शेवटचे : केलेल्या प्रत्येक कृतीची टिपण वहीत ठेवावी. कोणते पॅकेज बसविले, कोणत्या आवृत्तीची संहिता घेतली, ‘कॉन्फिगर’ला कोणते पर्याय दिले. सहा महिन्यांनी दुसऱ्या संगणकावर हेच काम करावयाचे झाल्यास, किंवा शेजारच्या घरी अशीच पेटी निघाल्यास, ती वही एका दिवसाचे श्रम एका तासावर आणील.

समारोप

समता कॉलोनीतील त्या घरी अखेर पहिले पान वाचले जाते. अक्षरे पूर्णपणे शुद्ध नसतात. जुन्या छपाईतील तुटका अनुस्वार राहून जातो, ‘घ’ आणि ‘ध’ यांची अदलाबदल होते, आणि ते आजीला वाचून दाखवून सुधारावे लागते. यंत्राचे काम तेथे संपते आणि माणसाचे सुरू होते. परंतु त्या पानात आता शोध घेता येतो, त्याच्या प्रती काढता येतात, आणि कागद उद्या तुटला तरी त्यावरील शब्द तुटत नाहीत.

या सर्व खटाटोपात मुलीने कोणतीही नवी लायब्ररी लिहिली नाही. ब्रिस्टलच्या प्रयोगशाळेतील संशोधकांचे काम, चित्र उघडणाऱ्यांचे काम, अक्षरांची मांडणी करणाऱ्यांचे काम, हे सारे आधीच तयार होते. तिने ते योग्य क्रमाने जवळ आणले, एवढेच. ‘सापडत नाही’ या यंत्राच्या उत्तराला ‘अशक्य आहे’ असे न समजता, नेमके काय सापडत नाही, कोणत्या पायरीवर आणि कोणत्या रूपात, असे तीन प्रश्न ज्याला विचारता येतील, त्याला मूळ संहितेपासून आज्ञावली घडविणे असाध्य नाही.